नाचणीच्या शेतापासून तीन राजांपर्यंत: लहान मुलासोबत घरचा नाताळ कसा सुरू करावा

माझं माहेर वसईचं, सासर गोव्यात साष्टीतल्या एका गावात. दोन्हीकडे नाताळ हा वर्षातला सगळ्यात मोठा सण, पण दोन्हीकडची तऱ्हा वेगळी. लेक अडीच वर्षांची झाली, त्या डिसेंबरात मी ठरवलं की आता आपल्या घराचा म्हणून एक नाताळ सुरू करायचा. आणि सगळं एकदम केलं. बांबूचं नक्षत्र (चांदणीच्या आकाराचा कंदील), ख्रिस्तजन्माच्या देखाव्यासाठी चिऱ्यांचा गोठा, पाच प्रकारचं गोडधोड, झाड, भेटवस्तू, मध्यरात्रीची मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थना. चोवीस तारखेला रात्री दहा वाजता ती माझ्या मांडीवर रडून रडून झोपली.

पुढच्या वर्षी नोव्हेंबर संपता संपता तिनं विचारलं, "आई, आपलं शेत कधी पेरायचं?"

मला आधी कळेचना. मग आठवलं. गोठ्यापुढे हिरवळ हवी म्हणून सासूबाईंनी तिच्या हातून एका करवंटीत नाचणी पेरून घेतली होती. झाड तिच्या लक्षात नव्हतं, बाहुली कुणी दिली तेही नव्हतं. शेत लक्षात होतं, कारण ते तिनं स्वतः केलं होतं. त्या एका प्रश्नानंतर आमच्या घरचा नाताळ मी नव्यानं मांडला, आणि आज लेक सहा वर्षांची आहे तरी तो टिकून आहे. दोन ते सहा-सात वर्षांचं मूल घरात असेल तर काय, कधी आणि किती करायचं, ते इथे क्रमानं लिहिते आहे.

आधी यादी कापा

नोव्हेंबरच्या मध्यावर एक संध्याकाळ काढा. नवरा-बायको आणि घरात आजी-आजोबा असतील तर तेही, सगळे बसा. प्रत्येकानं आपल्या लहानपणीची नाताळची एकच आठवण सांगायची. आमच्याकडे नवऱ्याला बाल्कांवातलं, म्हणजे घरापुढच्या ओसरीतलं, नक्षत्र आठवलं, सासऱ्यांना बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचं फेस्त म्हणजे सण, सासूबाईंना शेजारी जाणारी गोडाची ताटं, मला आईसोबत जेवणाच्या काट्यावर वळलेले कुलकुल, म्हणजे शिंपल्यासारखे तळलेले गोड तुकडे. या आठवणींतूनच निवड करा. मोबाइलवर दिसणाऱ्या सजावटीवरून करू नका.

मग प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न विचारा. यात मुलाच्या हाताला काय काम आहे? आणि एखाद्या वर्षी घरात आजारपण असेल, नोकरीची ओढाताण असेल, तरी हे जमेल का? दोन्हींचं उत्तर मिळत असेल तरच ती गोष्ट ठेवा. आमच्याकडे चार उरल्या: नाचणीचं शेत, राजांचा प्रवास, कुलकुल आणि शेजारची ताटं. बाकी सगळं होईल तसं.

बेबिंका, म्हणजे थराथरांचा गोड पदार्थ, मी पहिल्याच फटक्यात काढून टाकली. मला ती फार आवडते, गोव्याच्या बेबिंकाला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही, आणि त्या उष्णतेपाशी मुलाला करण्यासारखं काहीच नसतं. दोदोलचंही तेच. माडाचा गूळ, नारळाचं दूध आणि तांदळाचं पीठ कढईत तास न् तास ढवळायचं म्हणजे मोठ्यांचे दोन हात पूर्ण अडकले. हे विकत आणा किंवा ज्यांच्या हातचं उत्तम होतं त्यांच्याकडून घ्या. मुलासोबतचा वेळ त्यात घालवू नका.

आगमनकाळ: "अजून किती?"चं उत्तर

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्यातला पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीतरी येतो. लहान मुलाला 'पंचवीस तारीख' कळत नाही, 'अजून किती' एवढंच कळतं. त्यासाठी कागदी साखळीसारखं सोपं दुसरं काही नाही. जुन्या वह्यांच्या रंगीत पुठ्ठ्यांच्या किंवा घोटीव कागदाच्या २४ पट्ट्या कापा, खळीनं एकात एक कड्या अडकवा आणि मुलाच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर टांगा. १ डिसेंबरपासून रोज रात्री जेवणानंतर एक कडी फाडायची. फाडणं हे लहान मुलांना मनापासून आवडणारं काम आहे.

चार मेणबत्त्यांचं चक्र चर्चमध्ये असतं, तसं घरीही करता येतं. ही रीत जर्मनीतली. हॅम्बुर्गमध्ये विखर्न नावाच्या पाळकांनी १८३९ साली अनाथ मुलांना नाताळचे दिवस मोजता यावेत म्हणून एका लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, तिथून ती पसरली. म्हणजे मुळात ही मुलांसाठीचीच गोष्ट. तीन जांभळ्या, एक गुलाबी, आणि गुलाबी तिसऱ्या रविवारी. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर ज्योत मोठ्यांनी लावायची, मुलानं फुंकायची, आणि मेणबत्ती विझेपर्यंत कुणी खोलीबाहेर जायचं नाही.

आणखी एक जुनी ख्रिस्ती रीत मला फार प्रिय आहे. गोठ्यातली गव्हाण रिकामी ठेवायची, आणि मुलानं कुणासाठी काही चांगलं केलं की त्यात गवताची एक काडी घालायची, म्हणजे बाळ येशूला मऊ अंथरूण मिळेल. मात्र एक पथ्य पाळा. चुकलं म्हणून काडी काढून घेऊ नका. दुसऱ्या वर्षी मी रागाच्या भरात तसं केलं. लेक तो दिवसभर गव्हाणीकडे फिरकली नाही. रात्री मी तिची माफी मागितली आणि काडी तिच्याच हातात परत दिली. बाळाचं अंथरूण काढून घेणं तिच्या दृष्टीनं केवढं मोठं होतं, ते मला तेव्हा उमगलं.

शेत पेरायचं: १३ डिसेंबर

हे आमच्या घरातलं सर्वांत महत्त्वाचं काम, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गोव्यात गोठ्यापुढे हिरवळ दाखवायला नाचणी, गहू किंवा भात पेरण्याची पद्धत आहे. आम्ही १३ डिसेंबरला पेरतो. तो संत लुसीचा दिवस. क्रोएशिया आणि हंगेरीतही लोक त्याच दिवशी नाताळसाठी गहू पेरतात, हे मला खूप नंतर कळलं. बारा दिवस पुरेसे होतात.

गहू लवकर वाढतो आणि उंच होतो, मग त्यात मेंढरं दिसेनाशी होतात. नाचणीचं पातं बारीक, मऊ, खऱ्या गवतासारखं दिसतं. म्हणून मी नाचणीच सुचवेन. दुकानातली भाजलेली किंवा पॉलिश केलेली नको, सालीसकट सबंध दाणा हवा.

आदल्या दिवशी दोन चमचे नाचणी पाण्यात भिजत घाला. सात-आठ तासांनी निथळून ओल्या सुती फडक्यात बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी करवंट्या घ्या. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो. त्या बाजूची करवंटी घेऊन तो डोळा खिळ्यानं उघडा, म्हणजे पाणी साचणार नाही. खाली दोन बोटं माती, तीही चाळलेली. मुलाला सांगा, "मीठ भुरभुरतो तसं टाक." दाणे दाट पडले तरी चालतं, इथे दाटच हवेत. वरून मातीचा अगदी पातळ थर द्या आणि ओला कागद झाका. दोन-तीन दिवसांत मोड वर आले की कागद काढून टाका.

पाणी हातानं शिंपडायचं, सकाळ-संध्याकाळ. तांब्यानं ओतलं तर दाणे एका कोपऱ्यात जमा होतात आणि बुरशी धरते. मुलाला बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून छोटी झारी करून द्या. आमच्याकडे ते काम लेक विसरत नाही, मीच विसरते.

शेत पिवळं पडलं तर घाबरू नका, करवंटी खिडकीत ठेवा. पात्यात हिरवा रंग यायला उजेड लागतो. नवरात्रात देवघराच्या अंधारात पेरलेलं रुजवण पिवळंधमक असतं ते याचमुळे. आमच्या शेजारच्या काकी घटस्थापनेला नऊ धान्यं पेरतात. पहिल्या वर्षी माझी नाचणी रुजली नाही तेव्हा माती कोरडी पडते आहे हे त्यांनीच ओळखलं, आणि आपल्या घरातली भिजवलेली मूठभर नाचणी आणून दिली. तेव्हापासून आमचं शेत आणि त्यांचं रुजवण, दोन्ही वेळेला लेक हजर असते.

नक्षत्र

दिवाळीचा आकाशकंदील घरी केला असेल तर नक्षत्र जमणारच. कामट्या, सुतळी, पतंगी कागद आणि मैद्याची खळ, सामान तेच.

दोन फूट लांबीच्या दहा कामट्या घ्या, गाठी तासून गुळगुळीत केलेल्या. पाच कामट्यांची टोकं जोडून पाच टोकांची एक चांदणी बांधा, तशीच दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाची टोकं सुतळीनं घट्ट बांधा. आता मध्ये जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, तिथे पाच ठिकाणी चार-चार इंचाच्या आखूड काड्या उभ्या अडकवा. दोन्ही चांदण्या एकमेकींपासून दूर सरतात आणि नक्षत्र फुगतं. हा क्षण मुलाला दाखवायला विसरू नका. कामट्या तासणं आणि बांधणं मोठ्यांचं, कारण बांबूची कूस बोटात खोल जाते. कागद चिकटवणं आणि झिरमिळ्या कापणं मुलाचं. कागदाला सुरकुत्या पडतील, पडू द्या.

आत एलईडी बल्बच लावा. जुना तारेचा बल्ब तापतो आणि कागद पेटू शकतो. वायर जोडलेली, सोललेली नको, आणि होल्डर मुलाच्या हाताबाहेर. डिसेंबरात गोव्यात रात्री दंव भरपूर पडतं, उघड्यावर टांगलेला कागद तीन दिवसांत सुटतो. नक्षत्र बाल्कांवाच्या छपराखाली किंवा पडवीत टांगा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर एक फुटाच्या कामट्यांचं छोटं नक्षत्र खिडकीत पुरतं.

गोठा आणि चालणारे राजे

गोठा मांडण्याची रीत संत फ्रान्सिस असिसीकर यांच्यापासून रुजली. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी त्यांनी खरा बैल आणि खरं गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात.

आमचा गोठा चार चिऱ्यांचे तुकडे, वर झावळीचं छप्पर आणि आत पेंढा असा आहे. भातकापणी होऊन गेलेली असते, त्यामुळे शेतकऱ्याकडे मागितलं तर पेंढा सहज मिळतो. मूर्ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या बाजारात डिसेंबरात मिळतात. मातीचा सुंदर संच घेतलात तर तो उंचावर ठेवा. मुलासाठी वेगळा, लाकडाचा किंवा न फुटणारा संच घ्या आणि तो चौरंगावर, त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर मांडा. "हात लावू नको" हे वाक्य ज्या गोठ्यापाशी सतत म्हणावं लागतं, तो गोठा मुलाचा होत नाही. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर तोंडात मावतील अशी कोकरं नकोत.

बाळ येशू मात्र गोठ्यात ठेवायचा नाही. त्याला चोवीसच्या रात्रीपर्यंत कपाटात रुमालात गुंडाळून ठेवायचं, आणि ती जागा फक्त मुलाला ठाऊक असायला हवी. आमची लेक पहाऱ्याचं काम इतक्या निष्ठेनं करते की मीही ते कपाट उघडताना तिला विचारते.

आता राजांचं. मत्तयच्या शुभवर्तमानात ज्ञानी लोक पूर्वेकडून तारा पाहून निघतात, वाटेत येरुशलेमला थांबतात आणि मग बाळापर्यंत पोचतात. म्हणजे ते लांबून आले, वेळ लागला. म्हणून आमचे राजे २५ डिसेंबरला स्वयंपाकघरातून निघतात आणि ६ जानेवारीला गोठ्यापाशी येतात. रोज सकाळी लेक त्यांना एक मुक्काम पुढे नेते. कुठे थांबले आणि का, ते तिनंच सांगायचं. एकदा ते तांदळाच्या डब्यापाशी दोन दिवस अडकले, कारण उंटांना भूक लागली होती. एकदा बाबांच्या चपलांत झोपले. पैसा लागत नाही, वेळ दोन मिनिटं, आणि सण एका रात्रीत संपण्याऐवजी तेरा दिवस चालतो. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

राजे तीनच होते असं शुभवर्तमान सांगत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी आहेत, त्यावरून परंपरेनं तीन धरले, आणि गास्पर, मेल्शियोर, बाल्थाझार ही नावंही परंपरेनंच दिली. मोठ्या मुलांनी विचारलं तर तसं सरळ सांगा.

गोष्ट घरच्या भाषेत सांगा. आमच्याकडे प्रार्थना कोंकणीत होते, गोष्ट मी मराठीत सांगते. यात नवं काहीच नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ती १६१६ साली इथेच, साष्टीतल्या रायतूरला छापली गेली. चारशे वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी ही कथा मराठीत ऐकली आहे, आपल्या मुलांनीही ऐकावी.

कुलकुल: २० तारखेच्या आसपास

एकच पदार्थ घरी करायचा तर कुलकुल. शंकरपाळ्याच्या पिठाचाच हा भाऊबंद, पण वळण्यात खरी गंमत, आणि ते काम लहान बोटांना मोठ्यांपेक्षा बरं जमतं.

अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम पिठीसाखर, दोन मोठे चमचे गरम तूप, चिमूटभर मीठ, एक अंडं आणि नारळाचं जाड दूध. मैदा, साखर आणि मीठ एकत्र करून त्यावर तूप घाला आणि बोटांनी चोळा. मुठीत दाबल्यावर मैद्याचा मुटका बांधला गेला की तूप बरोबर लागलं. मग अंडं फेटून घाला आणि नारळाचं दूध थोडं थोडं घालत मळा. साधारण वाटीभर लागतं, पण एकदम ओतू नका, कारण साखरेला पाणी सुटतं आणि पीठ सैल होतं. अंडं चालत नसेल तर तेवढं दूध वाढवा, कुलकुल किंचित कडक होतात, इतकंच. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा.

मुलाला ओटा उंच पडतो, म्हणून जमिनीवर चटई टाका आणि सगळे गोल बसा. बोराएवढी गोळी घ्यायची. काट्याच्या पाठीला तुपाचं बोट लावायचं, गोळी त्यावर दाबून पसरवायची आणि टोकापासून गुंडाळत आणायची. वर रेघांची नक्षी उमटते, शिंपल्यासारखी. काटा टोचेल अशी भीती वाटत असेल तर या कामासाठी राखलेला नवा, धुतलेला कंगवा द्या. आई आम्हाला कंगवाच द्यायची. शेवटची कड नीट दाबली नाही तर कुलकुल तेलात उलगडतो. मुलांचे थोडे उलगडणारच, ते वेगळे तळा आणि त्याच दिवशी खाऊन टाका.

तळताना मूल स्वयंपाकघरात नको. याला अपवाद नाही. दुसऱ्या मोठ्या माणसानं त्याला बाहेर नक्षत्रापाशी घेऊन बसायचं. तेल मध्यम तापलेलं ठेवा. फार तापलं तर साखरेमुळे बाहेरून काळे आणि आत कच्चे राहतात. बदामी रंगावर काढा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. पंधरा दिवस आरामात टिकतात.

केक करत असाल तर मुलाच्या वाट्याच्या केकमधला सुका मेवा रममध्ये न भिजवता संत्र्याच्या रसात भिजवा. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे काजू-बदाम देऊ नका, घशात अडकतात. कूट करून घाला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको.

शेजारची ताटं

नाताळच्या आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गोडाधोडाचं ताट पाठवायचं, त्याला गोव्यात 'कोन्सुआद' म्हणतात. शब्द पोर्तुगीज, पण देण्याघेण्याची पद्धत आपल्याला अनोळखी नाही. चवथीला आणि दिवाळीला काकींकडून आमच्याकडे नेवऱ्या आणि फराळ येतो, नाताळला आमच्याकडून त्यांच्याकडे जातं. नेवरी तर दोन्ही ताटांत असते, तीच आपली करंजी.

आधी घरांची यादी करा, आणि ती मुलासमोर करा. पाच घरं पुरे. ज्यांच्याशी वर्षभर बोलणं होत नाही असं एखादं घर त्यात मुद्दाम घाला. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं आहे तिथे गोड शिजत नाही, त्यांचं ताट सगळ्यात आधी न्यायचं, हा सासूबाईंचा नियम. काय बोलायचं ते मुलाला शिकवू नका. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांची बायको गेली त्या वर्षी लेकीनं ताट पुढे केलं आणि म्हणाली, "यातले वाकडे मी केले." ते आजोबा कितीतरी दिवसांनी हसले, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं.

शाकाहारी घरांसाठी अंडं न घातलेले कुलकुल आणि नेवऱ्या वेगळ्या डब्यात ठेवा, आणि ते त्या घरी सांगा. आवडीनिवडी आधी विचारल्या तर कुणाला वाईट वाटत नाही. ताटावर क्रोशाचा किंवा भरतकामाचा रुमाल टाका. मूल रुमालाचं एक टोक धरून चालेल एवढं हलकं ताट असावं, कारण ते त्यानं न्यायचं आहे. दरवाजाची घंटा त्यानं वाजवायची, आपण दोन पावलं मागे.

तुम्ही हिंदू घरातले असाल आणि शेजारून असं ताट आलं, तर मुलाची परंपरा तिथूनच सुरू करा. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याकडे आजही पाळतात. त्यात काय ठेवायचं ते मुलाला ठरवू द्या. परसातली केळी, शहाळं, मूठभर साखर, काहीही. काकींच्या नातवानं एकदा अंगणातली जास्वंदीची पाच फुलं ठेवली, आम्ही ती गोठ्यापुढे वाहिली. तुमच्या मुलांना संध्याकाळी शेजारचा गोठा बघायला घेऊन जा, आणि जाण्याआधी निरोप द्या. घरात दुसरं काही मांडण्याची गरज नाही. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा जपून ठेवला असेल तर नवा कागद लावून अंगणात नक्षत्र टांगा, तेही पुष्कळ झालं.

चोवीसची रात्र

मध्यरात्रीच्या मिस्सेला गोव्यात 'मिस्सा द गाल' म्हणतात, कोंबड्याची मिस्सा. लहानपणी मी कंदिलाच्या उजेडात तिला गेले आहे आणि त्या रात्रीचं सौंदर्य मला माहीत आहे. तरीही चार वर्षांच्या आतल्या मुलाला ओढत नेऊ नका. पंचवीसला सकाळी मिस्सा असतेच.

त्याऐवजी घरची एक छोटी रात्र करा. साडेसात वाजता, जेवणाआधी. सगळे दिवे बंद, फक्त नक्षत्र आणि गोठ्यातला दिवा. साखळीची शेवटची कडी फाडायची. मूल कपाटातून बाळ येशूला घेऊन येतं, घरातला सगळ्यात मोठा माणूस गव्हाणीतला पेंढा सारखा करतो आणि मूल बाळाला निजवतं. एक प्रार्थना, एक गाणं, बस. आमच्याकडे दहा मिनिटांत होतं. गेल्या वर्षी सासऱ्यांना उठवत नव्हतं, तर लेकीनं गव्हाणच त्यांच्या पलंगापाशी नेली.

मोठ्या मुलाला मध्यरात्री न्यायचंच असेल तर दुपारी दोन तास झोपवा, आठला जेवू घाला. मिस्सा बऱ्याच ठिकाणी चर्चच्या आवारात उघड्यावर असते, म्हणून कानटोपी आणि शाल घ्या. कडेची जागा धरा. मिस्सा सुटल्यावर फटाके वाजतात, त्याची आधी कल्पना द्या.

सांताक्लॉजबद्दल थोडक्यात. माझ्या लेकीला तीन वर्षांची असताना एका कार्यक्रमात सांताच्या मांडीवर जबरदस्तीनं बसवलं गेलं, ती घाबरून किंचाळली, आणि लोक फोटो काढत राहिले. मी तिला उचललं, पण एक मिनिट उशिरा. मूल नको म्हणत असेल तर नकोच. घरी मी तिला संत निकोलसची गोष्ट सांगते. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे ते बिशप, गरिबांना गुपचूप मदत करणारे, त्यांचा सण ६ डिसेंबरला. त्या दिवशी लेक आपलं एक चांगलं खेळणं पुसून कुणाला तरी देते. भेटवस्तू नाताळच्या सकाळी एकच असते, आणि ती आम्ही दिली हे तिला ठाऊक असतं.

प्रवासात असाल तर

एक वर्षाआड आम्ही नाताळला वसईला जातो. म्हणून परंपरा डब्यात मावेल एवढी ठेवली. बाळ येशू, तीन राजे आणि एक करवंटी. मडगावहून गाडीत बसलो की लेक शेत मांडीवर घेते आणि खिडकीकडे धरते, उजेड लागावा म्हणून. राजे त्या वर्षी गाडीच्या बर्थवरून निघतात. गोठा आईच्या घरचा. तिथे आजी तिला कंगव्यावर कुलकुल वळायला लावते.

सहा जानेवारी

तीन राजांचं फेस्त गोव्यात रेइश मागुश, चांदर आणि कासावलीला मोठं असतं. कासावलीकडे तीन गावांतली तीन मुलं राजांचा पोशाख घालून घोड्यावरून टेकडीवरच्या कपेलाकडे, म्हणजे छोट्या चर्चकडे, जातात. लहान मुलासाठी याहून चांगला देखावा नाही, कारण राजा आपल्याच एवढा असतो. टेकडीवर ऊन लागतं. टोपी आणि पाणी घ्या, घोड्यांपासून अंतर ठेवा आणि मुलाला खांद्यावर बसवा.

घरी आल्यावर आमचे राजे शेवटचं पाऊल टाकतात. मग आवराआवर, तीही मुलासोबत. नक्षत्राचा कागद फाडून सांगाडा माळ्यावर. मूर्ती एकेक करून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या आणि गुंडाळीवर मुलानं चित्र काढायचं, म्हणजे पुढच्या वर्षी आत कोण आहे ते त्यालाच कळेल. शेत आतापर्यंत लोळलेलं असतं, ते पलीकडच्या वाड्यावरच्या शेळीला घालायला लेक स्वतः जाते.

डबा बंद करण्याआधी ती स्वयंपाकघरात येते, नाचणीच्या बरणीतून दोन चमचे कागदाच्या पुडीत बांधून घेते आणि राजांच्या शेजारी ठेवते. पेरायला मी दरवर्षी नवीन नाचणी आणते, तरी ती पुडी डब्यात असतेच.